पिवळं बूच

बर्फ पडायच्या आत करायचं ठरवलं.
एकदा बर्फ आला की इशपेमिंगच्या या गॅरेजात
जमिनीला पाठ टेकवत नाही.

कुंपणापलीकडून रुडी हीकला म्हणाला,
दोन लाख मैल झालेल्या गिअरबॉक्सचं तेल बदलू नये, पोरी.
जुनी घाणच धरून ठेवते त्याला.
नवं तेल सगळं धुऊन काढतं
आणि मग गिअर घसरायला लागतात.
झाकली मूठ आहे ती, म्हणाला.

सोमवारी ऑनी ही गाडी घेऊन ग्रीन बेला निघालाय,
मी म्हटलं, मला झाकलेलं चालणार नाही.

पिकअप रॅम्पवर चढवली. मागच्या चाकांना ओंडके.
खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मांजराच्या पेटीतली वाळू,
मधोमध पसरट काळी परात.
बॅटरी ऑनीच्या हातात.
मी बघत नसते तिथेच तो ती नेमकी धरतो.

एका कोपऱ्यातले दोन बोल्ट नुसते सैल करायचे,
बाकीचे काढायचे,
मग पॅन एका बाजूला झुकतो
आणि तेल शहाण्यासारखं परातीत उतरतं.
पुस्तकात असं आहे.
बाहीत शिरून काखेपर्यंत पोचतं
ते पुस्तकात नव्हतं.

लाल असायला हवं होतं.
हे चार दिवस शेगडीवर विसरलेल्या कॉफीसारखं,
वासही तसाच, तळाला लागलेला.

तळाशी लोहचुंबक, त्यावर राखाडी राड.
बोटांत चोळून पाहिली. मऊ. खडा नाही.
खडा नाही हे बरं.
आणि त्या राडीत, पडलेल्या दाढेसारखं,
एक पिवळं प्लास्टिकचं बूच.

ते काय असतं मला ठाऊक होतं.
कारखान्यात डिपस्टिकच्या भोकाला लावतात.
नंतर नळी आत ढकलली की ते खाली पडतं
आणि पॅन पहिल्यांदा उघडेल त्या दिवसापर्यंत
तिथेच पडून राहतं.

पहिल्यांदा.

वेस्लीनं दोनदा बदललं होतं तेल.
एकदा ऑनी चौथीत असताना,
एकदा माझी आई गेली त्या वर्षी.
फिल्टरचे पैसे मी मोजून दिले होते दोन्ही वेळा.
दोन्ही वेळा तो दिवस मावळल्यावर
हात घासत आत आला होता
आणि मी रश्शाचं भांडं परत गरम केलं होतं.
हात खरोखरच काळे होते.

ते काय आहे? ऑनी म्हणाला.
बूच.
कसलं?
कारखान्यातलं.

झोत पॅनवरून सरकत सरकत
भिंतीवरच्या फावड्यावर गेला, तिथेच थांबला.
पुस्तक त्यानंही वाचलं होतं.

इकडे धर, मी म्हटलं. नवा फिल्टर दे.

जुन्या फिल्टरची रबरी कडी वरच अडकलेली,
स्क्रू-ड्रायव्हरनं हलके हलके काढली, ओरखडा न उठवता.
नवं गॅस्केट. बोल्ट समोरासमोरचे,
जोर मनगटाचा, खांद्याचा नाही.
निघालं ते दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये मोजलं,
मोजून तेवढंच घातलं.
कन्व्हर्टरमध्ये अजून बरंच जुनं उरतं,
ते घरी निघत नाही.

ब्रेक दाबून आर, एन, डी. पुन्हा आर.
प्रत्येकावर जरा थांबत.
मग दोघं बंद खाणीच्या रस्त्यानं जाऊन आलो.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
एक बारीक उचकी लागली,
मग तीही लागेनाशी झाली.
बाबा, तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला.
मी हीटर वाढवला.

रुडी दारातच उभा. बोलला काही नाही.
टायरला एक लाथ मारून पाहिली, उगाच.

सोमवारी तो गेला.
मंगळवारी ड्रायरमध्ये काहीतरी खडखडायला लागलं,
मला वाटलं नाणं असेल.
माझ्या जीन्सच्या खिशात
ते बूच होतं, लख्ख पिवळं,
अजून गरम.